घरी बनवलेल्या लाकडी वाद्याच्या कडा घडवताना

स्वरमंडळ किंवा युकुलेले यांसारखे खोक्याच्या घडणीचे वाद्य घरी तयार करणारे बहुतेक जण कडा गोल करण्याचे काम पॉलिश पेपरवर सोपवतात आणि मग कड जागोजागी वरखाली होते. आकार द्यायचा तो कानशीने. पेपरचे काम केवळ ओरखडे काढण्याचे. (मिरजेच्या तंबोऱ्याप्रमाणे भोपळा असलेल्या वाद्याची घडण वेगळी असल्याने तिचा विचार येथे केलेला नाही.)

कानस उचलण्यापूर्वी तबलीची, म्हणजे खोक्याच्या वरच्या पातळ फळीची, जाडी मोजावी. तबली ३ मिलिमीटरची असताना कड ५ मिलिमीटरपर्यंत गोल केली, तर बाजूची फळीही खाल्ली जाते आणि आतून पट्टी बसवलेली नसल्यास जोडाला धरायला फारसे लाकूडच उरत नाही. म्हणून कडेच्या दोन्ही अंगांना २ मिलिमीटरवर पेन्सिलीची रेघ मारावी, त्या रेघांच्या मध्ये ४५ अंशांचा सपाट उतार काढावा, त्या उताराचे दोन नवे कोपरे हलकेच मारावेत आणि गोलाईला मगच हात घालावा. रेघ दिसते आहे तोवर हात चुकत नाही. युकुलेलेच्या कमरेपाशी कानस नेहमी रुंद भागाकडून अरुंद भागाकडे चालवावी. उलट गेल्यास लाकडाच्या रेषा उचकटून ढलपी निघते. सागवानावर कानस लवकर बोथट होते, तेव्हा ती दाबण्यापेक्षा बदललेली बरी.

पेपर १२०, १८०, २४० या क्रमाने वापरावा आणि तो बोटावर न धरता जुन्या चपलेच्या रबराच्या तुकड्यावर गुंडाळावा, कारण बोट मऊ रेषांमध्ये रुतते. नाकाला मास्क हवाच. यानंतर ओल्या फडक्याने कड पुसावी; उभे राहिलेले तंतू पूर्ण वाळल्यावर ३२० नंबरने हलके घासावेत. नाशिकच्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत कड लवकर वाळते, पावसाळ्यात मात्र रात्रभर थांबणे श्रेयस्कर. विजेरी आडवी धरून पाहिल्यास राहिलेले ओरखडे सावलीने उठून दिसतात.

तारा जिथे टेकतात ती घोडीची कड मात्र या घासकामातून वगळावी. तिथली बैठक चुकून गोल झाली, तर तार नेमक्या जागी सुटत नाही आणि झणझण सुरू होते. शेवटी चपडीचे (लाखेचे) पॉलिश पातळ थरांत द्यावे, मात्र पावसाच्या दमट दिवशी देऊ नये, ते पांढुरके पडते.