भजनाच्या कॅसेट्स एमपी३ करताय? बिटरेट असा ठरवा

घरातल्या जुन्या कॅसेट्स कॉम्प्युटरवर घेतल्या की पहिला धक्का साइजचा. सीडी क्वालिटीची स्टिरिओ वेव्ह फाइल (म्हणजे अजिबात न दाबलेला आवाज) तासाला साधारण 635 एमबी खाते, म्हणजे साठ मिनिटांच्या 40 कॅसेट्स झाल्या की 25 जीबी गेले.

आधी बघा रेकॉर्डिंग खरंच स्टिरिओ आहे का. घरच्या टेपरेकॉर्डरवर एका माइकने केलेलं असेल तर ते मोनोच असतं, दोन्ही चॅनलला तेच, मग ऑडॅसिटी या फुकट ऑडिओ एडिटरमध्ये मोनो करून टाका, इथेच साइज निम्मी झाली आणि आवाजात काहीच गेलं नाही.

आता बिटरेट, म्हणजे दर सेकंदाच्या आवाजाला फाइल किती डेटा वापरते ते, हे केबीपीएसमध्ये (सेकंदाला हजार बिट) मोजतात. हिशोब सोपा आहे, बिटरेटला 0.45 ने गुणा, तासाला किती एमबी ते येतं. 64 केबीपीएस म्हणजे 29 एमबी, 128 म्हणजे 58. नुसतं बोलणं असेल, आजीच्या ओव्या, प्रवचन वगैरे, तर मोनो एमपी३ ला 64 भरपूर झाले. पण भजन असेल तर तिथे कंजूषपणा नको, कारण बिटरेट कमी केला की पहिला मार वरच्या फ्रिक्वेन्सीला बसतो आणि टाळ तिथेच असतात. पखवाज एकवेळ चालून जातो पण टाळ पाण्यात बुडवून वाजवल्यासारखे फसफसायला लागतात, एकदा कानाला कळलं की मग तेच ऐकू येत राहतं. मी मोनोला 96 ठेवतो, खरंच स्टिरिओ असेल तर 192 किंवा व्हीबीआर (गरजेप्रमाणे कमीजास्त होणारा बिटरेट). 320 कॅसेटसाठी उगाच, टेपची खरखर जपायला जागा कशाला घालवायची?

आणि हो, ओरिजिनल वेव्ह लगेच उडवू नका!! तिची फ्लॅक फॉरमॅटमध्ये फाइल करून एका हार्ड डिस्कवर ठेवा, साइज कमी होते पण आवाजातलं काहीच हरवत नाही. एमपी३ वरून परत एमपी३ केलं की प्रत्येक वेळी थोडं जातंच, आणि 64 ची फाइल 320 ला एक्सपोर्ट केली तर फक्त साइज वाढते, गेलेले टाळ काही परत येत नाहीत.

कन्फ्यूज असाल तर सगळ्यात गजराचा एक मिनिट कापा, 64, 96, 128 ला काढा आणि हेडफोनवर ऐका, फरक कळेनासा झाला की त्यातला सगळ्यात लहान घ्या.

ओपस फॉरमॅट कमी बिटरेटला एमपी३ पेक्षा कितीतरी चांगला आहे, बोलण्याला 24-32 मध्ये पण मस्त भागतं, व्हॉट्सॲपच्या व्हॉइस नोट्स त्यातच असतात. फक्त जुन्या कार स्टिरिओत किंवा पेनड्राइव्हच्या स्पीकरवर बऱ्याचदा तो वाजत नाही, त्यामुळे बाबांच्या पेनड्राइव्हसाठी अजूनही एमपी३ च.