टाइमशेअरचे पॉइंट्स घेऊन बसलात? आधी कॅन्सलचं पत्र टाका, विचार नंतर करा

ऑर्लँडो नाहीतर लास व्हेगासला सुट्टीवर गेलात, "फक्त ९० मिनिटांचं प्रेझेंटेशन आहे, तिकिटं स्वस्तात मिळतील" म्हणून आत जाऊन बसलात, चार-पाच तासांनी बाहेर आलात तेव्हा हातात जाडजूड फोल्डर आणि डोक्यावर पंचवीस हजार डॉलरचे टाइमशेअरचे पॉइंट्स, म्हणजे दरवर्षी काही दिवस रिसॉर्टमध्ये राहायचा विकत घेतलेला हक्क, आणि आता रात्री झोप येत नाहीये म्हणून फोनवर हे वाचताय, असं असेल तर एकच करा, उठा, फोल्डर उघडा आणि कॉन्ट्रॅक्टवर सही केल्याची तारीख बघा. बाकी सगळं त्यानंतर.

अमेरिकेत डेव्हलपरकडून, म्हणजे जी कंपनी रिसॉर्ट बांधते आणि स्वतः विकते तिच्याकडून घेतलेला टाइमशेअर ठराविक दिवसांत काहीही कारण न देता रद्द करता येतो. याला रिसिशन पिरियड म्हणतात आणि तो राज्याराज्यात वेगळा असतो. फ्लोरिडात १० दिवस, कॅलिफोर्निया आणि हवाईत ७, नेवाडात फक्त ५. मेक्सिकोत जाऊन घेतला असेल तर तिथे कामाचे ५ दिवस. तुम्ही स्वतः कुठल्या राज्यात राहता ते इथे धरायचं नाही, तुमच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये जो आकडा छापलाय तो धरायचा. फ्लोरिडाचे १० दिवस कॅलेंडरचे असतात, शनिवार-रविवार सगळं त्यात आलं. कायद्यात "सही केल्यापासून किंवा शेवटचं आवश्यक कागदपत्र मिळाल्यापासून, जे नंतर असेल ते" असं आहे, पण तुम्ही आपलं सहीच्या तारखेपासूनच मोजा, कागद कधी मिळाला यावर वाद घालत बसायची वेळ कशाला आणायची. सही केली तो दिवस शून्य, दुसरा दिवस एक.

आणि हो, हा हक्क तुम्ही सोडून दिलाय असं कुणी तुमच्याकडून लिहून घेतलं असेल तरी घाबरू नका, फ्लोरिडात तसा कागद कायद्यानेच रद्दबातल आहे.

आता ठरवायचं कसं. बहुतेक लोक इथेच चुकतात (आम्हीही चुकणार होतो), ते विचार करायला लागतात की हे पॉइंट्स चांगले की वाईट, आपण वापरू का, मुलं मोठी झाल्यावर काय, आणि त्यात सात दिवस निघून जातात. खरा प्रश्न तो नाहीच. प्रश्न असा आहे की चुकलो तर कुठली चूक दुरुस्त होते. कॅन्सल केलं आणि सहा महिन्यांनी वाटलं अरे घ्यायला हवं होतं, तर डेव्हलपर परत विकायला एका पायावर तयार असतो, फार तर तेव्हाचे बोनस पॉइंट्स मिळणार नाहीत. पण कॅन्सल नाही केलं आणि सहा महिन्यांनी वाटलं की फसलो, तर मागे फिरायचा रस्ता जवळजवळ बंद. म्हणून माझं सरळ मत आहे, मुदत चालू असेल आणि मनात थोडीशी जरी शंका असेल तरी आधी पत्र टाका आणि मग महिनाभर निवांत अभ्यास करा. "आजच्यापुरतीच ऑफर" हे वाक्य त्या खोलीत रोज सकाळ-दुपार बोललं जातं.

तरी ज्यांना आकडे बघितल्याशिवाय चैन पडत नाही त्यांच्यासाठी एका संध्याकाळचा हिशोब देते. समजा २५,००० डॉलरचे पॉइंट्स, ५,००० डाउन पेमेंट आणि उरलेल्या २०,००० चं कंपनीनेच दिलेलं लोन, १५ टक्क्यांनी, १० वर्षांचं. महिन्याचा हप्ता साधारण ३२३ डॉलर, म्हणजे दहा वर्षांत ३८,७०० च्या आसपास. मेंटेनन्स फी, म्हणजे रिसॉर्टच्या देखभालीसाठी दरवर्षी भरायची रक्कम, वर्षाला १,२०० धरा आणि ती दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढते असं धरा, दहा वर्षांत ते झाले अजून १५,१०० च्या आसपास. डाउन पेमेंट धरून सगळं मिळून ५८,८००. या पॉइंट्समध्ये वर्षाला एक आठवडा राहायला मिळत असेल तर दहा वर्षांत ७० रात्री, म्हणजे एका रात्रीला ८४० डॉलर पडले. सेल्समन म्हणेल लोन फिटलं की पुढे फुकट, तर अकराव्या वर्षी नुसती फीच १,९५० च्या वर गेलेली असेल, रात्रीला २७९ डॉलर. तुमच्या कॉन्ट्रॅक्टमधले आकडे घालून हाच हिशोब करा, मग त्याच रिसॉर्टची तीच खोली त्याच तारखांना रोख पैसे देऊन केवढ्याला पडते ते कुठल्याही बुकिंग साइटवर बघा. मला तर एवढं करूनच उत्तर मिळालं होतं.

दुसरी गोष्ट रिसेल, म्हणजे डेव्हलपरऐवजी जुन्या मालकाकडून घेतलेले पॉइंट्स. ईबेवर जा आणि तुमच्याच कंपनीचे पॉइंट्स शोधा, मागितलेली किंमत नको, प्रत्यक्षात विकल्या गेलेल्या लिस्टिंग्ज बघा. रेडवीक आणि टाइमशेअर यूझर्स ग्रुप या साइट्सवरही जुने मालक विकायला बसलेले असतात. हजारो डॉलर देऊन घेतलेले पॉइंट्स लोक एक डॉलरला काढून टाकतात, नुसतं कुणीतरी फी भरायला घ्यावी म्हणून. याला अपवाद आहेत, डिस्ने व्हेकेशन क्लबच्या, म्हणजे डिस्नेच्या टाइमशेअरच्या पॉइंट्सना रिसेलमध्ये बऱ्यापैकी भाव टिकतो, पण मग तेही रिसेलमध्येच का घेऊ नयेत हा प्रश्न उरतोच. इथे सेल्समनचं ठरलेलं उत्तर असतं की रिसेलवाल्यांना सगळे फायदे मिळत नाहीत. ते अगदी खोटं नाही. डिस्नेत १९ जानेवारी २०१९ पासून रिसेलमध्ये घेतलेले जुन्या रिसॉर्ट्सचे पॉइंट्स रिव्हिएरासारख्या नव्या रिसॉर्टवर चालत नाहीत, क्लब विंडहॅम या दुसऱ्या टाइमशेअर क्लबमध्ये रिसेलचे पॉइंट्स व्हीआयपी दर्जासाठी धरत नाहीत. पण त्या जास्तीच्या फायद्यासाठी तुम्ही नक्की किती हजार जास्त मोजताय ते वजाबाकी करून बघा. आणि तुम्ही विकायला जाल तेव्हा समोरच्याला तेच कमी फायदे मिळणार, म्हणजे तो बंधनांचा मार शेवटी तुमच्याच किमतीला बसतो.

त्या खोलीत तुम्हाला जे जे सांगितलं ते एका कागदावर आठवेल तसं लिहून काढा आणि प्रत्येक वाक्य कॉन्ट्रॅक्टमध्ये कुठे आहे ते शोधा. आम्हाला सांगितलं होतं की नको वाटलं तर कंपनी परत विकत घेते, पॉइंट्स भाड्याने देऊन फी आरामात निघते, आणि डिसेंबरच्या सुट्टीत कुठेही बुकिंग मिळतं. रात्री दोन वाजेपर्यंत नवऱ्याने आणि मी सगळी पानं चाळली, एकही गोष्ट कुठे लिहिलेली नव्हती, उलट आम्हीच सही करून बसलो होतो की कुठल्याही तोंडी आश्वासनावर आम्ही विसंबलेलो नाही. घोडं इथेच पेंड खातं. तोंडी बोलणं हवेत जातं आणि सही तुमची राहते.

ठेवावं असं कुणाला? रोख पैसे दिलेत, लोन नाही, दरवर्षी त्याच कंपनीच्या रिसॉर्ट्समध्ये तुम्ही तसेही जाता, बुकिंग वर्षभर आधी करायची सवय आहे, आणि रिसेलचे भाव बघूनही डेव्हलपरकडूनच घ्यायचं ठोस कारण तुम्हाला एका वाक्यात सांगता येतंय, तर ठेवा बापडे. असे लोक आहेत, आणि ते खूशही असतात. पण ते सहसा रात्री जागून असं काही वाचत नाहीत.

आता पत्र. कॅन्सल कसं करायचं ते कॉन्ट्रॅक्टमध्ये लिहिलेलंच असतं, बऱ्याचदा सहीच्या जवळपास, नाहीतर पब्लिक ऑफरिंग स्टेटमेंट नावाच्या जाडजूड पुस्तकात, आणि हल्ली ते पुस्तक पेनड्राइव्हवर किंवा टॅब्लेटवर देतात, तेव्हा फोल्डरचे सगळे कप्पे बघा. तिथे पत्ता दिलेला असतो आणि कुठल्या मार्गाने पाठवायचं तेही. जे लिहिलंय तेच करायचं, स्वतःची हुशारी नको. पत्र इंग्रजीत लिहायचं, पण मजकूर एवढाच:

"आम्ही खाली सही करणारे, अमुक तारखेला केलेला अमुक नंबरचा खरेदी करार रद्द करत आहोत. आम्ही भरलेली सगळी रक्कम परत करावी."

त्याखाली कॉन्ट्रॅक्टवर जशी छापलीत तशीच्या तशी सगळ्यांची नावं, पत्ता, फोन, रिसॉर्टचं किंवा क्लबचं नाव, आजची तारीख, आणि कॉन्ट्रॅक्टवर ज्यांनी ज्यांनी सही केली त्या सगळ्यांच्या पेनाने केलेल्या सह्या. नवरा-बायको दोघांनी सही केली असेल तर दोघांची हवी, एकानेच केली आणि वेळ संपली असं होऊ देऊ नका. कारण लिहू नका. "आर्थिक अडचण आहे", "सासूबाई आजारी आहेत", काही नको. कारण दिलं की त्यावर समजूत काढायला फोन येतो.

पाठवायचं यूएस पोस्टाच्या सर्टिफाइड मेलने, रिटर्न रिसीट (पोचपावती) घेऊन, आणि टपालपेटीत टाकून निघून यायचं नाही, काउंटरवर रांगेत उभं राहून पावतीवर तारखेचा शिक्का मारून घ्यायचा. फ्लोरिडात नोटीस पाठवली त्या तारखेपासून ती लागू होते, पोचली त्या तारखेपासून नाही, म्हणून तो शिक्काच तुमचा पुरावा. पत्ता पोस्ट बॉक्सचा असेल तर फेडेक्स आणि यूपीएसवाले तिथे पोचवू शकत नाहीत, ही चूक लोक हमखास करतात. पत्राचा, पावतीचा, पाकिटाचा फोटो काढून ठेवा. कॉन्ट्रॅक्टमध्ये ईमेल किंवा फॅक्सची सोय दिली असेल तर तीही वापरा, पण पोस्टाच्या जोडीला. कुठलं सामान परत करायला सांगितलंय का तेही बघा, आमच्याकडे फोल्डर परत मागितला होता, आम्ही आधी सगळ्या पानांचे फोटो काढले आणि मग पाठवला.

सुट्टी अजून संपली नसेल तरी थांबू नका. घरी जाऊन निवांत पाठवू म्हणता म्हणता नेवाडाचे पाच दिवस विमानतळावरच संपतात. जवळचं पोस्ट ऑफिस शोधा, हॉटेलच्या लॉबीत प्रिंट काढून मिळते, नाहीच मिळाली तर हाताने स्वच्छ अक्षरात लिहिलेलं पत्रही चालतं.

काय करायचं नाही ते सांगते, सेल्समनला फोन करायचा नाही. तो चांगला माणूस असेल, तुमच्या मुलाचं नावही त्याला पाठ असेल, पण तो म्हणणार "मी बघतो, काळजी करू नका, मी इथून कॅन्सल करतो", आणि त्याचं बघणं मुदत संपल्यावर संपतं. फोनवर रद्द केलं म्हणजे काहीच केलं नाही असं समजा. कंपनीचा दुसरा माणूस उलटा फोन करून कमी पॉइंट्सचं छोटं पॅकेज देऊ करेल, त्यालाही "पत्र पाठवलंय, धन्यवाद" एवढंच. मुदतीत त्यांच्या कुठल्याही नव्या कागदावर सही करू नका. प्रेझेंटेशनला बसल्याबद्दल मिळालेली तिकिटं किंवा गिफ्ट कार्ड सहसा तुमचीच राहतात कारण ती बसण्याची असतात, खरेदीची नसतात. खरेदीवर म्हणून वेगळं काही दिलं असेल तर ते परत द्यावं लागू शकतं, त्याला हात लावू नका, बोनस पॉइंट्स वापरून बुकिंग तर अजिबात नको.

एक केस जरा किचकट आहे. तुमच्याकडे आधीच टाइमशेअर होता आणि तो त्यांना देऊन त्याबदल्यात नवे पॉइंट्स घेतले, म्हणजे अपग्रेड. इथे नवा करार रद्द झाला की जुना जसाच्या तसा तुमच्याकडे परत आला पाहिजे, तेव्हा पत्रात एक ओळ वाढवा की आमची आधीची मालकी पूर्ववत करावी, आणि महिनाभराने लॉगिन करून जुने पॉइंट्स दिसतायत का ते खात्रीने बघा.

मुदत संपून गेली असेल तर? मग हे पत्र कायद्याने काही करू शकत नाही, पण हातपाय गाळून पैसे मागणाऱ्या एक्झिट कंपन्यांकडे धावू नका. "आम्ही तुम्हाला बाहेर काढतो, आधी पाच हजार भरा" असं म्हणणाऱ्यांबद्दल अमेरिकेचं फेडरल ट्रेड कमिशन वर्षानुवर्षं सावध करतंय. आधी थेट डेव्हलपरलाच विचारा, बऱ्याच मोठ्या कंपन्या लोन फिटलेलं असेल तर मालकी परत घेतात, लोन असेल तर मात्र त्यांची तयारी नसते.

पत्र गेल्यावर पैशांवर लक्ष ठेवा. फ्लोरिडात नोटीस मिळाल्यापासून २० दिवसांत पैसे परत करायचा नियम आहे, चेकने भरले असतील तर चेक वटायच्या हिशोबाने थोडं पुढेमागे. आमचं डाउन पेमेंट तिथल्या तिथे काढून दिलेल्या एका नव्या क्रेडिट कार्डावर टाकलं होतं, हे आम्हाला घरी आल्यावर कळलं, सह्यांच्या गड्ड्यात तो अर्ज कधी गेला ते आठवतही नव्हतं. तुमचंही तसं असेल तर करार रद्द झाला म्हणून कार्ड आपोआप बंद होत नाही. रिफंड त्या कार्डावर जमा झालेला स्टेटमेंटवर दिसेपर्यंत थांबा, बाकी शून्य झाली की कार्ड कंपनीला वेगळा फोन करून ते बंद करा, आणि बंद केल्याचं लेखी मागून घ्या.