वाचलेले आणि जगलेले घर रंगमंचावर उभारताना

साहित्यकृतीवर आधारित नाटकाचे नेपथ्य करायचे असेल, तर ती कृती आधी केवळ वाचक म्हणून वाचावी आणि मग हातात पेन्सिल घेऊन, पात्रे कुठे बसतात, कशाला टेकतात, कोणत्या दाराशी थबकतात एवढ्याच जागी खुणा करत पुन्हा वाचावी. लेखकाने चार पाने खर्चून केलेले दिवाणखान्याचे वर्णन बहुधा आपल्या फारसे कामाचे नसते. उलट, एखादे पात्र दार न लोटताच परत फिरले, असे एक वाक्य त्या दाराची जागा आणि तिथवरचे अंतर ठरवून टाकते.

स्वतःच्या आठवणींनाही हीच कसोटी लावावी. लहानपणी ज्या जिन्याची भीती वाटायची तो हुबेहूब उभारला, तर प्रेक्षकांना साधा जिनाच दिसतो, कारण तो उंच वाटला होता तो आपण लहान होतो म्हणून. एरवी १५ ते १८ सेंटिमीटर उंचीची असणारी पायरी २२ सेंटिमीटरची करून पाहावी. नटाला गुडघा जास्त उचलावा लागतो, चढण्याची लय मोडते आणि ती धास्ती त्याच्या देहबोलीत उतरते. अर्थात सगळ्या पायऱ्या एकसारख्याच हव्यात, नाहीतर अंधारात कुणीतरी अडखळणारच.

आठवण आणि वर्तमान एकाच जागी नांदवायचे असतील, तर आर्थर मिलर यांच्या ‘डेथ ऑफ अ सेल्समन’ या नाटकासाठी नेपथ्यकार जो मिल्झायनर यांनी १९४९ मध्ये केलेले नेपथ्य अभ्यासावे. तिथे घराचा जणू सांगाडाच उभा होता. वर्तमानातल्या प्रवेशांत पात्रे भिंतींच्या रेषा पाळून दारातूनच ये-जा करतात, तर भूतकाळात त्याच भिंतींमधून आरपार चालत पुढे येतात. असा संकेत पहिल्या काही मिनिटांतच रुजवावा लागतो, आणि तो दिग्दर्शकाशी बोलल्याशिवाय ठरवू नये.

त्यानंतर १:२५ प्रमाणात मॉडेल करावे. त्यात १७० सेंटिमीटर उंचीचा नट ६.८ सेंटिमीटरचा होतो. तेवढी पुठ्ठ्याची आकृती कापून प्रत्येक दारात उभी करावी आणि पहिल्या रांगेतल्या टोकाच्या खुर्चीवरून ती कितपत दिसते ते डोळा तितक्याच खाली नेऊन पाहावे. जाळीदार पडदा वापरणार असाल, तर प्रकाशयोजनाकाराला याच टप्प्यावर बोलवावे, कारण समोरून तिरपा प्रकाश टाकला की तो भिंतीसारखा दिसतो आणि पुढचा प्रकाश घालवून मागे उजळले की पारदर्शक होतो. लाकूड कापण्यापूर्वी संपूर्ण आराखडा तालमीच्या जमिनीवर चिकटपट्टीने आखून घ्यावा.