पिंजरा नंतर, आधी ठसे बघा

कोंबड्या कमी व्हायला लागल्या की लोक पहिले पिंजरा आणायला धावतात, अरे पण चोर कोण ते तरी कळू दे ना आधी. सकाळी ऊन तिरकं असताना खुराड्याच्या कडेनं फिरा, ओल्या मातीत ठसा छान उठतो, दुपारी सगळं सपाट दिसतं. चार बोटं आणि पुढे नखांच्या खुणा असतील तर कोल्हा, लांडगा नाहीतर कुत्रा, नखं दिसत नसतील तर बहुतेक मांजर कुळातलं कारण ती चालताना नखं आत घेतात. पाच बोटं म्हणजे मुंगूस, मिंक (परदेशातला मुंगसासारखा छोटा शिकारी) वगैरे, रॅकूनचा (अमेरिकेतला डोळ्यांभोवती काळे पट्टे असलेला प्राणी) ठसा तर लहान बाळाच्या हातासारखा.

कोल्हा की कुत्रा यात सगळेच फसतात, मी दोन रात्री जागलो आणि पिंजऱ्यात शेजाऱ्यांचा कुत्रा शेपूट हलवत बसलेला! कोल्ह्याचा ठसा लांबट, त्यावर काडीनं फुली मारली तर ती तळपायाच्या मऊ गाद्यांच्या खुणांना न लागता मधून जाते, आणि पावलं जवळपास एका रेषेत पडतात, कुत्रा मात्र वेडावाकडा भटकतो.

पिंजरा त्याच्या रोजच्या वाटेवरच ठेवा, हलता कामा नये, तळाच्या जाळीवर माती पसरा कारण कोल्हा तारेवर पाय द्यायला कचरतो. आमिष पायपट्टीच्या (पाय पडला की दार बंद करणाऱ्या पट्टीच्या) मागे. हातमोजे घाला. वनखात्याची परवानगी आधीच काढा आणि पिंजरा रोज सकाळी बघाच, अडकलेलं जनावर उन्हात तडफडत ठेवू नका.