छताची छोटी गळती: आधी वाट शोधा, मग बुजवा

स्लॅबला पडलेली बारीक भेग किंवा पत्र्याच्या एखाद्या स्क्रूचं तडकलेलं वॉशर वेळीच लक्षात आलं तर काम थोडक्यात भागतं. तेच तसंच राहिलं की पाणी स्लॅबमधल्या सळईपर्यंत पोचतं आणि सळई गंजू लागते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे खालचं काँक्रीट फुगतं आणि ढलप्या निघू लागतात. मग डबाभर मालाने काम होत नाही.

गळती दिव्याच्या किंवा पंख्याच्या जवळ असेल तर सगळ्यात आधी त्या भागाचा वीजपुरवठा बंद करा. पाऊस चालू असताना छतावर चढू नका. तोवर ताडपत्री टाकायची असेल तर उघडीप मिळाल्यावर टाका. उतरत्या छतावर तिची वरची कड माथ्यापलीकडे न्या, नाहीतर पाणी तिच्याखाली शिरतं. कड नुसत्या विटांनी दाबू नका, लाकडी पट्टीला गुंडाळून बांधा. शिडी भिंतीपासून उंचीच्या पाव अंतरावर टेकवा, छताच्या कडेवर मीटरभर वर राहू द्या आणि खाली एक माणूस धरायला ठेवा.

गळती नेमकी कुठून

आत ओल दिसते तिथेच वर भोक असेल असं नाही. पाणी स्लॅबमधून किंवा पत्र्याखालच्या लोखंडी आडव्यांवरून बरंच लांब सरकून मग टपकतं. उतरत्या छतावर डागाच्या वरच्या चढाच्या बाजूला शोध घ्या. सपाट गच्चीवर पाइप बाहेर पडतात त्या जागा, कठड्याचा सांधा आणि पाणी जाण्याची तोंडं आधी बघा. जाळीत पाला अडकून पाणी तुंबलं, म्हणून एरवी कोरडी राहणारी भेग गळू लागली, असंही पुष्कळदा असतं.

तरी जागा सापडली नाही तर कोरड्या दिवशी नळीने पाणी सोडा. सुरुवात खालच्या कडेपासून करा आणि प्रत्येक पट्ट्यावर 10-15 मिनिटं पाणी धरून वर सरका. आत एकाने टॉर्च घेऊन लक्ष ठेवायचं. एकदम वरून पाणी सोडलं तर सगळंच भिजतं आणि काहीच कळत नाही.

स्लॅबची भेग

भेग स्थिर आहे की हलती, यावर माल ठरतो. दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख लिहा आणि काही आठवडे बघा. भेग खुणेपुढे गेली किंवा सकाळी-दुपारी तिची रुंदी वेगळी दिसली, तर ती हलती आहे. हलत्या भेगेत सिमेंट भरलं की ते शेजारून पुन्हा सुटतं, कारण सिमेंट ताणलं जात नाही.

स्थिर भेग 1 मिमीपेक्षा रुंद असेल तर छिन्नीने 10 मिमी रुंद आणि तितकीच खोल खाच काढा. कडा सरळ उभ्या ठेवा. निमुळत्या कडेवर मसाला पातळ बसतो आणि तिथूनच आधी सुटतो. तारेच्या ब्रशने घासून धूळ पूर्ण काढा आणि खाच भिजवा, पण आत पाणी साचू देऊ नका. लेटेक्स (सिमेंटची पकड वाढवणारं दुधासारखं द्रावण) आणि सिमेंटची स्लरी, म्हणजे पातळ लगदा, ब्रशने लावा आणि ती ओली असतानाच एक भाग सिमेंट, तीन भाग बारीक वाळू व डब्यावर सांगितलेल्या प्रमाणात लेटेक्स असा घट्ट मसाला ठासून भरा. स्लरी वाळून गेली तर ती खरवडून पुन्हा लावा, कारण वाळलेली स्लरी मसाला धरत नाही. पहिला दिवस भाग ओलसर ठेवा, नंतर हवेत वाळू द्या.

हलत्या भेगेत पॉलियुरेथेन सीलंट, म्हणजे वाळल्यावरही रबरासारखं ताणलं जाणारं भरण, भरतात आणि त्याला खाच पूर्ण कोरडी लागते. तळाशी फोमची दोरी दाबून बसवा. सीलंट दोन्ही भिंतींना चिकटलं पाहिजे, तळाला नाही, तरच ते मोकळं ताणतं. त्याची खोली रुंदीच्या साधारण निम्मी ठेवा.

यावर वॉटरप्रूफ कोटिंग करायचं, पण स्लॅब वाळल्याशिवाय नाही. तपासायला 45 सेंटिमीटर चौकोनी पारदर्शक प्लॅस्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करा आणि 16 तासांनी उचला. खाली थेंब दिसले किंवा काँक्रीट काळपट पडलेलं असलं तर थांबा. आतली ओल बाहेर पडताना कोटिंगला फुगे आणते. पहिला हात डब्यावर लिहिल्याप्रमाणे पातळ करून द्या. दुसरा हात ओला असतानाच भेगेवर 10 सेंटिमीटर रुंद फायबर जाळी दाबा आणि तिसरा आडव्या दिशेने मारा. प्रत्येक हात वाळल्यावरच पुढचा.

कोटिंग पक्कं झालं की पाण्याचं तोंड बंद करून 2-3 सेंटिमीटर पाणी 24 तास साचवा. 1 सेंटिमीटर पाण्याचं वजन दर चौरस मीटरला 10 किलो असतं, त्यामुळे जुन्या, कमकुवत गच्चीवर पाणी साचवू नका, नळीनेच तपासा.

पत्रे आणि कौलं

पत्र्याची गळती बहुतेक वेळा स्क्रूपाशी असते. उन्हाने वॉशरचं रबर कडक होऊन तडकतं. वरून सीलंट थापणं टिकत नाही, स्क्रूच बदला. भोक सैल झालं असेल तर एक माप जाडा, म्हणजे 5.5 मिमीच्या जागी 6.3 मिमीचा घ्या. रबर धातूच्या चकतीबाहेर किंचित डोकावेल इतकंच आवळा. जास्त आवळलं की रबर चिरतं आणि पत्राही दबून तिथे पाणी साचतं. सीलंट लागलंच तर न्यूट्रल प्रकारचं घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन जस्ताचा थर खातं.

जुन्या सिमेंटच्या पत्र्यांवर पाय देऊ नका, ते अचानक फुटतात. त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून भोक पाडणं, घासणं, कापणं टाळा आणि काम प्रशिक्षित माणसाकडे द्या.

फुटलेलं कौल बदलायला वरची कौलं लाकडी पाचरीने उचलून धरा, फुटकं ओढून काढा आणि नव्या कौलाची खालची खूट रिपेत अडकल्याची खात्री करा. तडकलेलं कौल सिमेंटने सांधू नका, तापलं की ते पुन्हा उलतं.

सळई उघडी पडली असेल, प्लास्टर ठोकल्यावर पोकळ वाजत असेल, भेगेतून तांबूस पाणी येत असेल किंवा स्लॅब खाली झुकल्यासारखा दिसत असेल, तर त्या भागाखालचा वावर थांबवा, वर काही थापू नका आणि आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.