हार्मनी डेला मुलांना काय घालून पाठवायचं? (सिडनीत नवीन आलेल्यांसाठी)

मुलं प्रायमरीत असतील तर मार्चमध्ये शाळेचा मेसेज येणारच, 21 मार्चला हार्मनी डे (म्हणजे वेगवेगळ्या संस्कृतींच्या लोकांनी एकत्र साजरा करायचा दिवस) आहे, नारंगी कपडे नाहीतर आपला पारंपरिक पोशाख घालून पाठवा. की लगेच आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर धावपळ सुरू, लेहेंगा कुठे मिळेल, बॉलिवूडचं कुठलं गाणं बसवायचं. मला विचाराल तर आपल्या घरात जे खरंच होतं तेवढंच शाळेत न्या, आणि आधी पोरांना विचारा त्यांना काय दाखवायला आवडेल.

पाडवा बऱ्याचदा याच सुमारास येतो, 2026 मध्ये तर 19 मार्चलाच, म्हणजे हार्मनी डेच्या फक्त दोन दिवस आधी. टीचरला आधीच ईमेल करून थोडा वेळ मागा आणि वर्गात छोटी गुढी उभारा. काठी, खण, गाठी, वर पालथा तांब्या. खणाच्या चुण्या पोरांनाच घालू द्या, गाठ सुटली तर सुटू दे, त्यांनाच परत बांधू दे, त्यातच ती सतराशे प्रश्न विचारतात आणि उत्तरं आपलं पोरगं देतं! कडुलिंबाची पानं मात्र इंडियातून बॅगेत घालून आणू नका, एअरपोर्टवर काढून घेतात आणि डिक्लेअर केली नसतील तर दंडही होतो. खाऊ न्यायचा तर आधी विचारून घ्या, बऱ्याच शाळांत शेंगदाणे चालत नाहीत, म्हणजे चिक्की, दाण्याचे लाडू बाद.

आणि "इंडियात सगळे असंच करतात" असं नका सांगू, "आमच्याकडे असं करतात" म्हणा. वर्गात तेलुगू मूल असेल तर त्यांचा उगादी त्याच दिवशी असतो, त्याच्या आईलाही बोलवा, त्यांची उगादीला करतात ती पचडी आणि आपली गुढी शेजारी शेजारी दिसू देत.

अ‍ॅडमिशन फॉर्मवर घरची भाषा मराठीच लिहा, काहीजण घाबरून इंग्लिश लिहितात.

अजून एक, हे शाळेत फारसं कुणी सांगत नाही. ऑस्ट्रेलियात हार्मनी डे 1999 पासून होतो पण 21 मार्च हा मुळात वंशभेदाविरुद्धचा दिवस. 1960 मध्ये दक्षिण आफ्रिकेत शार्पव्हिलला पास कायद्यांविरुद्ध (काळ्या लोकांना सतत ओळखपत्र जवळ बाळगायला लावणारे कायदे) जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, 69 माणसं गेली. मोठ्या मुलांना हे घरी नक्की सांगा. आणि डब्यातल्या भाजीच्या वासावरून कुणी चिडवलं तर गुपचूप सँडविच द्यायला लागू नका, त्याच दिवशी टीचरला लिहा.