सर्किट बोर्ड करायला टाकण्याआधी पेटंटचा पहिला दावा वाचा

पेटीवर वाजवलेलं ऐकून आपोआप स्वरलिपी लिहिणारं यंत्र कोल्हापुरात, उद्यमनगरात जुळवता येईल. पण बोर्ड आणि साच्यावर पैसे घातल्यावर दुसऱ्याचं पेटंट आडवं आलं, तर सगळंच अडकतं.

१. गूगल पेटंट्सवर नावाने शोधत बसू नका, शीर्षकं फार मोघम असतात. वर्गीकरणाने, म्हणजे पेटंटना विषयवार दिलेल्या कोडने शोधा: जी१०जी ३/०४ (विद्युत साधनांनी संगीत लिपीत नोंदवणे), जोडीला जी१०एच (इलेक्ट्रॉनिक वाद्यं).

२. सारांश सोडा, पहिला दावा (पेटंटनं नेमका कशावर हक्क सांगितलाय ते वाक्य) उघडा आणि वहीत त्याचे तुकडे पाडा. उदाहरणार्थ: माइक, स्वराची वारंवारता ओळखणं, स्वर कुठं सुटला ते ठरवणं, मात्रांत बसवणं. प्रत्येकापुढे 'आपल्यात आहे / नाही' लिहा. साधारणपणे सगळे तुकडे जुळले तरच उल्लंघन होतं. एखादा खरोखरच गाळता आला तर उत्तम. त्याच कामाचा जवळचा पर्याय घातला तर मात्र सुटलो असं धरू नका. खरी मेहनत इथंच आहे.

३. मुदत बघा. पेटंट अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं, तेही घेतलं त्या देशापुरतंच. नूतनीकरणाची फी न भरल्यानं त्याआधीच बंद पडलेलीही असतात. भारतातली स्थिती पेटंट कार्यालयाच्या 'इनपास'वर फुकट दिसते. माल अमेरिकेला पाठवायचा असेल तर तिथलीही तपासा.

सावधान: नवा अर्ज सहसा १८ महिने प्रसिद्धच होत नाही. त्यामुळं विक्रीआधी पुन्हा एकदा शोधा, आणि जुळणारा दावा दिसला तर वही घेऊन नोंदणीकृत पेटंट एजंटकडे जा.